एआयचा फायदा कुणाला आणि फटका कुणाला?

शाळेत निबंधाला हमखास येणारा विषय म्हणजे 'विज्ञान : शाप की वरदान'. दोन परिच्छेद वरदानाचे, दोन शापाचे, आणि शेवटी 'सर्व काही माणसाच्याच हातात आहे' असं लिहून मोकळं व्हायचं. एआयबद्दल, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल, सध्या जे लिहिलं-बोललं जातं त्यातलं बरंचसं याच साच्यातून निघालेलं असतं. एक दिवस बातमी येते, की डॉक्टरांच्या नजरेतून सुटला असता असा कॅन्सर एआयने हेरला. दुसऱ्या दिवशी बातमी असते, की एआयने बनवलेल्या खोट्या आवाजाला भुलून कुणीतरी पैसे घालवले. वाचणारा बुचकळ्यात पडतो, की मग ही गोष्ट चांगली की वाईट?

दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. पण त्यांची बेरीज-वजाबाकी करता येत नाही, कारण ज्याचा कॅन्सर वेळेत सापडला तो माणूस वेगळा आणि ज्याचे पैसे गेले तो वेगळा. फायद्यातोट्याचा हिशेब मांडताना नेमकी हीच गोष्ट निसटते. फायदा कुणाच्या पदरात पडतोय आणि चूक झाली तर ती कुणाला भोवणार आहे, एवढं पाहायला लागलं की पुष्कळ गुंता सुटतो. त्यासाठी हे यंत्र आतून कसं चालतं ते थोडं समजून घेऊ. गणित फारसं नाही. पुढे एक गुणाकार आहे, तेवढा सोसा.

## नियम सांगायचे नाहीत, उदाहरणं दाखवायची

'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव रूढ झालं ते १९५६ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात भरलेल्या एका उन्हाळी परिषदेमुळे. कल्पना तेव्हापासूनची आहे, पण यंत्राला शिकवायची जी पद्धत आज सर्वत्र वापरली जाते ती नंतर बहरली.

साध्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रामर नियम लिहितो: अमुक झालं तर तमुक कर. फालतू ईमेल ओळखायची असेल, तर 'लॉटरी' शब्द आला की बाजूला टाक, असा नियम लिहिता येतो. पाठवणारा हुशार असेल तर तो 'लॉटरी'मध्ये मुद्दाम एक अक्षर चुकवतो आणि नियम गळपटतो. मग दुसरा मार्ग निघाला. लाखो ईमेल यंत्रासमोर ठेवायच्या, त्यातली फालतू कोणती आणि कामाची कोणती हे सांगायचं, आणि दोन्हींतला फरक यंत्रालाच शोधू द्यायचा. यंत्र त्यातून आकड्यांची एक प्रचंड जुळणी तयार करतं. त्या जुळणीला मॉडेल म्हणतात, आणि ती तयार करण्याच्या प्रक्रियेला ट्रेनिंग.

फोन चेहरा पाहून उघडतो, नकाशा पुढची वाहतूककोंडी सांगतो, एक व्हिडिओ संपला की आपल्याला आवडेल असा दुसरा समोर येतो, बँक 'हा व्यवहार तुम्हीच केलात का?' असं विचारते. या सगळ्यांच्या मागे अशीच मॉडेलं असतात. म्हणजे आपण एआय वर्षानुवर्षं वापरतोच आहोत. ३० नोव्हेंबर २०२२ ला ओपनएआय या कंपनीचं चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं तेव्हा एआय आपल्याशी मोकळेपणाने बोलायला लागलं, आणि आपलं लक्ष गेलं.

बोलणाऱ्या एआयचंही तत्त्व तेच. त्याला अफाट मजकूर दाखवलेला असतो आणि एकच काम शिकवलेलं असतं: आतापर्यंतचे शब्द पाहून पुढचा शब्द कोणता येईल ते सांग. त्यावर माणसांकडून 'हे उत्तर बरं, ते वाईट' असे शेरे घेऊन त्याला वळण लावतात. एवढ्यावर ते पत्रं लिहितं, कोड लिहितं, भाषांतर करतं, हे खरोखरच थक्क करणारं आहे. 'नुसता पुढचा शब्द ओळखतं' असं म्हणून त्याला हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. पुढचा शब्द नीट ओळखायचा तर आधीच्या शब्दांतलं बरंच काही पकडावं लागतं.

## मग ते इतक्या ठामपणे चुकतं कसं?

अनोळखी ठिकाणी रस्ता विचारला की एखादा माणूस असा भेटतो, ज्याला 'माहीत नाही' म्हणणं कमीपणाचं वाटतं. तो हात उंचावून सांगतो, सरळ जा, दुसरं वळण डावीकडे. आवाजात तसूभरही शंका नसते. रस्ता त्याला ठाऊक असेल तर उत्तम. नसला तरी त्याचा आवाज आणि त्याचा हात अगदी तसाच असतो. चॅटबॉटचं, म्हणजे गप्पा मारणाऱ्या एआयचं, हे असं आहे. खरं उत्तर आणि खऱ्यासारखं दिसणारं उत्तर ही दोन्ही एकाच प्रक्रियेतून येतात, त्यामुळे दोघांचा सूर सारखाच लागतो. जाणकार या थापांना हॅलुसिनेशन म्हणतात. आपण थापाच म्हणू.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात २०२३ साली हे फार ठसठशीतपणे दिसलं. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी दाखल्यासाठी जुने निवाडे दिले. त्यातले सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. चॅटजीपीटीने पक्षकारांची नावं आणि निकालातला मजकूर यांसह ते रचले होते. आणखी गंमत म्हणजे, 'हे निवाडे खरे आहेत का?' असं वकिलाने त्यालाच विचारलं होतं आणि ते 'होय' म्हणालं होतं. वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला. या प्रसंगात मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती तपासण्याची पद्धत: थाप मारणाऱ्यालाच साक्षीला उभं केलं.

थापा कमी झाल्या आहेत, नवी मॉडेलं इंटरनेटवर शोधून दुवेही देतात. पण मॉडेलांच्या ज्या चाचण्या घेतल्या जातात त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी 'माहीत नाही' या उत्तराला शून्य गुण असतात आणि अंदाज बरोबर आला तर पूर्ण. त्यामुळे अंदाज ठोकून देणं मॉडेलच्या अंगवळणी पडतं. ज्या भाषांतला मजकूर इंटरनेटवर तुटपुंजा आहे, तिथे पाया आणखी कच्चा. इंग्रजीतला अनुभव जसाच्या तसा तिथे गृहीत धरू नये.

## फायदे मात्र खरेखुरे आहेत

स्वीडनमधला एक प्रयोग सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण एआय चांगलं कधी वापरलं जातं हे त्यात नीट दिसतं. तिथे स्तनांच्या कॅन्सरसाठी स्त्रियांची नियमित एक्स-रे तपासणी, म्हणजे मॅमोग्राफी, होते आणि प्रत्येक फिल्म दोन रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे वाचणारे तज्ज्ञ डॉक्टर, स्वतंत्रपणे पाहतात. काम चोख, पण वेळखाऊ. ऐंशी हजारांहून जास्त स्त्रियांचे दोन गट केले. एका गटात नेहमीची पद्धत ठेवली. दुसऱ्या गटात आधी एआयने प्रत्येक फिल्मला धोक्याचा १ ते १० आकडा दिला. आकडा कमी असेल तर एकच डॉक्टर पाहणार. १० आला तर दोघं पाहणार.

२०२३ साली आलेल्या पहिल्या निष्कर्षांत एआयच्या गटात २४४ कॅन्सर सापडले, नेहमीच्या पद्धतीत २०३. विनाकारण घाबरवल्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. आणि फिल्म वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं.

या रचनेकडे बारकाईने पाहा. एकही फिल्म माणसाच्या नजरेखालून न जाता सुटली नाही. एआयने निकाल दिला नाही, डॉक्टरांचं लक्ष कुठे जास्त खर्च व्हावं एवढंच ठरवलं. शिवाय सगळं मोजून पाहिलं, तुलनेसाठी दुसरा गट ठेवला. 'एआयने कॅन्सर शोधला' या मथळ्यात यातलं काहीच येत नाही.

संशोधनात तर चित्र आणखी मोठं आहे. प्रथिनाचा रेणू कसा दुमडतो आणि त्याचा आकार काय होतो, हे प्रयोगशाळेत काढायला एकेका प्रथिनासाठी महिने, कधी वर्षं लागत. गूगलच्या डीपमाइंड या कंपनीच्या अल्फाफोल्ड मॉडेलने वीस कोटींहून जास्त प्रथिनांच्या आकारांचे अंदाज २०२२ पर्यंत सगळ्यांसाठी खुले केले. त्यामागच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

रोजच्या जगण्यातले फायदे याहून साधे, पण ज्याला मिळतात त्याला लाखमोलाचे. दृष्टिहीन माणूस फोनचा कॅमेरा समोर धरतो आणि औषधाच्या पाकिटावर काय छापलंय ते ऐकतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला समोरच्याचं बोलणं पडद्यावर वाचता येतं. भाषा न येणाऱ्या गावात अर्ज भरता येतो. किचकट सरकारी पत्राचा अर्थ न लाजता दहादा विचारता येतो. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. अज्ञानाची लाज वाटून माणसं किती प्रश्न गिळतात याची मोजदाद कुठेच होत नाही.

## '९९ टक्के अचूक' म्हणजे नक्की किती?

हा तो गुणाकार. समजा, खोटे व्यवहार पकडणारं एक मॉडेल ९९ टक्के अचूक आहे. ऐकायला झकास वाटतं. आता समजा, त्याच्याकडे दहा लाख व्यवहार आले आणि त्यात दर हजारी एक, म्हणजे १,००० खोटे आहेत. ९९ टक्क्यांनी त्यातले ९९० पकडले जातील. छान. पण उरलेले ९,९९,००० व्यवहार प्रामाणिक आहेत आणि त्यातल्या एका टक्क्यावर चुकून बोट ठेवलं जाईल. ते झाले ९,९९०.

म्हणजे यंत्राने संशयित ठरवलेल्या दर अकरांमध्ये साधारण दहा निर्दोष! यंत्रात बिघाड काही नाही. शोधायची गोष्ट दुर्मीळ असली की असंच होतं. रोगाच्या चाचण्यांना, गर्दीत चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांना, परीक्षेतली कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला, सगळ्यांना हा हिशेब लागू आहे. बँकेने नुसता फोन करून खात्री केली तर निर्दोष माणसाची दोन मिनिटं जातील. खातंच गोठवलं तर त्याचा महिना बिघडेल. मॉडेल तेच, अचूकता तीच. फरक पडतो तो मागून काय केलं जातं याने.

आणि ही एक टक्का चूक सगळ्यांत सारखी वाटली जाईल असंही नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू या संशोधकांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी तीन सॉफ्टवेअरं तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. सरासरी आकड्यामागे हे झाकलं जातं.

## वापरणारा एक, सोसणारा दुसरा

माझ्या मते खरा धोका इथे आहे. चॅटबॉटकडून आपण पत्र लिहून घेतो तेव्हा फायदा आपला आणि चूक झाली तर तीही आपलीच. ती आपल्याला दिसते, सुधारता येते. पण कर्ज द्यायचं की नाही, नोकरीसाठी कुणाला बोलवायचं, कुणाची चौकशी लावायची हे मॉडेल ठरवायला लागलं, की वापरणारी असते संस्था आणि सोसणारे असतो आपण. संस्थेचा वेळ आणि पैसा वाचतो. चुकीचा भुर्दंड ज्याच्यावर पडतो त्याला बहुतेक वेळा आपल्याला यंत्राने नाकारलंय हेही कळत नाही. मग चूक दुरुस्त व्हायची घाई कुणाला असणार?

नेदरलँड्समध्ये याचा कळस झाला. मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार पालकांना भत्ता देतं. कोणाचे अर्ज संशयास्पद आहेत हे हेरायला कर खात्याने धोक्याचे गुण देणारं मॉडेल वापरलं, आणि परदेशी नागरिकत्व ही त्यात धोका वाढवणारी बाब धरली होती. हजारो कुटुंबांवर लबाडीचा ठपका आला. अर्जातल्या बारीक चुकांसाठी पूर्ण भत्ता परत मागितला गेला. घरं गेली, संसार मोडले. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणावरून तिथल्या सरकारने राजीनामा दिला. सगळं खापर मॉडेलवर फोडणं बरोबर नाही. कायदा निर्दय होता, अधिकाऱ्यांनी तो आणखी निर्दयपणे राबवला. पण कुणाच्या मागे लागायचं हे ठरवताना मॉडेलचा हातभार होता, आणि 'माझं काय चुकलं?' या पालकांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

दर वेळी पूर्वग्रह इतका उघड नसतो. अमेरिकेतल्या आरोग्यसेवेत वापरल्या जाणाऱ्या एका प्रणालीवरचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. कोणत्या रुग्णाला जादा देखभालीची गरज आहे ते ही प्रणाली सांगायची, आणि त्यात वंशाचा उल्लेखच नव्हता. पण 'गरज' थेट मोजता येत नाही म्हणून तिने उपचारांवर होणारा खर्च हेच माप धरलं होतं. कृष्णवर्णीय रुग्ण तेवढेच आजारी असले तरी त्यांच्यावर आधीपासूनच कमी खर्च होत आला होता. साहजिकच प्रणालीला ते कमी आजारी वाटले. हे माप दुरुस्त केलं तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांच्या जवळ जाईल, असं संशोधकांनी दाखवलं. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. माप चुकलं होतं.

## 'पण माणसंही चुकतातच की!'

चुकतात, आणि पूर्वग्रहही बाळगतात. हा आक्षेप रास्त आहे आणि एआयच्या विरोधकांनी तो गंभीरपणे घ्यायला हवा. कंटाळलेला, भुकेला, घाईतला माणूस वाईट निर्णय घेतो. मॉडेलला थकवा नसतो. काही ठिकाणी चांगलं तपासलेलं मॉडेल माणसापेक्षा न्याय्य ठरेल, यात मला शंका नाही.

तरी दोन फरक राहतात. दहा अधिकारी दहा प्रकारे चुकतात, म्हणून एकाने नाकारलं तर दुसऱ्याकडे जाता येतं. सगळ्या कंपन्या एकच मॉडेल वापरायला लागल्या तर एकीने नाकारलेल्याला सगळ्याच नाकारतील. दुसरं म्हणजे माणसाला 'का?' विचारता येतं. तो खोटं उत्तर देईल, पण ते उत्तर खोटं आहे हे दाखवता येतं. अब्जावधी आकड्यांच्या जुळणीने 'नाही' म्हटलं, तर त्यामागचं कारण ती बनवणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

## 'शेवटी माणूस तपासणारच आहे ना?'

प्रत्येक संस्था हेच सांगते. कागदावर ते बरोबरही असतं. पण शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा यंत्र बरोबर येतंय हे दिसलं की तपासणारा तपासायचं थांबतो, शिक्का मारायला लागतो. त्याच्यावर रोज अमुक इतकी प्रकरणं निकालात काढायचं दडपण असेल, तर विचारायलाच नको.

त्यापुढची भीती अशी, की तपासायची कुवतच गंजेल. पोलंडमध्ये मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांवरचा अभ्यास २०२५ साली आला. एआयची मदत सुरू झाल्यानंतर, ज्या तपासण्या एआयशिवाय झाल्या त्यांत कॅन्सरपूर्व गाठी सापडण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आलं होतं. एका अभ्यासावरून शेवटचा निष्कर्ष काढता येत नाही, पण दुर्लक्ष करावं असाही तो नाही.

विद्यार्थ्यांचं काय होतं याचा एक छान प्रयोग तुर्कस्तानात झाला. हायस्कूलच्या सुमारे हजार मुलांना गणिताच्या सरावासाठी तीन गटांत विभागलं. ज्यांना साधा चॅटबॉट मिळाला त्यांनी सरावात ४८ टक्के जास्त चांगली कामगिरी केली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ती मुलं, ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाच्या चॅटबॉटला मात्र 'उत्तर देऊ नकोस, नुसता इशारा दे' असं बजावलं होतं. त्या गटाचं नुकसान जवळपास झालंच नाही. पालकांनी 'एआय वापरू द्यावं की नको' यावर डोकं शिणवण्यापेक्षा ते कसं वापरलं जातंय हे पाहावं. मुलाने आधी स्वतः झटापट केली आणि मग विचारलं, तर ते शिकणं झालं.

## ऐकलेलं-पाहिलेलंही खोटं

काही सेकंदांच्या रेकॉर्डिंगवरून आवाजाची हुबेहूब नक्कल आता सहज होते. चेहऱ्याचीही होते, अशा बनावट चित्रफितींना डीपफेक म्हणतात. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्याला वरिष्ठांच्या नावाने गुप्त व्यवहाराची ईमेल आली. त्याला आधी शंका आली होती. मग व्हिडिओ कॉल झाला, त्यात ओळखीचे सहकारी दिसले, बोलले, आणि शंका फिटली. कॉलवरचे बाकीचे सगळे बनावट होते. वीस कोटी हाँगकाँग डॉलर गेले.

बनावट ओळखायच्या खुणा सांगणाऱ्या याद्या फिरत असतात: बोटं मोजा, पापण्या पाहा. त्यांवर विसंबू नका, त्या वर्षभरात जुन्या होतात. उपाय कंटाळवाणा आहे पण टिकाऊ आहे. पैसे किंवा पासवर्ड मागणारा फोन आला, आवाज कुणाचाही असो, फोन ठेवायचा आणि आपल्याकडे असलेल्या नंबरवर आपण उलट लावायचा. घरच्यांत एखादा सांकेतिक शब्द आधीच ठरवून ठेवला तर उत्तमच.

## हांजी हांजी करणारा मित्र

मनातलं चॅटबॉटपाशी बोलणारे पुष्कळ आहेत. हे नवं नाही. १९६६ साली एमआयटीतल्या जोसेफ वाइझेनबॉम यांनी 'एलिझा' नावाचा साधा प्रोग्राम केला. समोरच्याचंच वाक्य फिरवून तो प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. आणि तरी त्यांच्या सेक्रेटरीने, जिला हा प्रोग्राम कसा बनला हे ठाऊक होतं, त्याच्याशी बोलता बोलता वाइझेनबॉमना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं!

एकट्या माणसाला रात्री-अपरात्री ऐकून घेणारं कुणीतरी मिळतं, हे मी कमी लेखणार नाही. अडचण अशी की हे ऐकणारं यंत्र आपल्याला बरं वाटेल असं बोलायला शिकलेलं असतं. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी इतकं तोंडपुजेपणा करायला लागलं की ओपनएआयला ते अपडेट मागे घ्यावं लागलं. भांडणाची आपली बाजू सांगितली की ते आपलीच री ओढणार, हे धरून चाला. जिवावर बेतणारं काही मनात येत असेल तर माणसाशीच बोलायला हवं.

## नोकऱ्या आणि वीज

नोकऱ्यांबद्दल छातीठोकपणे बोलणाऱ्यांपासून सावध राहावं, दोन्ही बाजूंच्या. या क्षेत्रातले दिग्गज जेफ्री हिंटन, ज्यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, २०१६ साली म्हणाले होते की रेडिऑलॉजिस्ट तयार करणं आता थांबवायला हवं. आज कितीतरी ठिकाणी रेडिऑलॉजिस्टचा तुटवडा आहे. मॉडेल कामाचा एखादा तुकडा उचलतं. नोकरी म्हणजे अशा अनेक तुकड्यांचं गाठोडं. ज्यांच्या गाठोड्यात एकच तुकडा आहे, म्हणजे साचेबंद मजकूर लिहिणं, सोपं भाषांतर, ठरावीक प्रश्नांची उत्तरं देणं, त्यांना झळ बसतेच आहे. त्यांना 'नवी कौशल्यं शिका' हा सल्ला देणं सोपं असतं, विशेषतः सल्ला देणाऱ्याची नोकरी शाबूत असताना.

विजेबद्दल थोडक्यात: जगभरच्या डेटा सेंटरांनी, म्हणजे एआयसकट सगळ्या इंटरनेट सेवांचे संगणक जिथे चालतात त्या केंद्रांनी, २०२४ साली सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हे दुपटीहून जास्त होईल असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. यातली सगळी एआयची नाही, पण वाढीमागचं मोठं कारण तेच. इथेही उत्तर मिळतं आपल्याला, आणि ताण येतो तो डेटा सेंटरच्या शेजारी राहणाऱ्यांच्या विजेवर आणि पाण्यावर.

## मग कुठे वापरावं?

मी स्वतः वापरतो, भरपूर वापरतो. काम हातात घेताना एकच पाहतो: हे उत्तर चुकलं तर मला ते कळेल का, आणि कळेपर्यंत किती नुकसान झालेलं असेल? पत्राचा मसुदा, लांबलचक कागदाचा सारांश (कागद जवळ ठेवून), अडलेला कोड, एखादी संकल्पना पुन्हा पुन्हा समजून घेणं, इथे बिनधास्त. आपल्याला थोडंफार कळतं त्या विषयात ते उत्तम सहायक असतं. ज्यात ओ की ठो कळत नाही आणि चूक महागात पडेल, तिथे त्याचा उपयोग प्रश्न तयार करण्यापुरता: डॉक्टरांना काय विचारू, करारातलं कोणतं कलम वकिलाला दाखवू. औषधाची मात्रा त्याला विचारून घेऊ नये.

त्यात काय टाकतो आहोत याचंही भान हवं. रिपोर्टवरचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, ऑफिसचे कागद हे टाकण्याआधी थांबावं. २०२३ साली सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीचा गोपनीय कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. आपलं संभाषण ट्रेनिंगसाठी वापरू नये अशी सोय बहुतेक ॲपच्या सेटिंगमध्ये असते. ती एकदा शोधून ठेवा.

## यंत्र चुकलं तर जबाबदार कोण?

कॅनडात एका प्रवाशाने आजी वारल्यावर एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटला अशा वेळी तिकिटावर मिळणाऱ्या सवलतीबद्दल विचारलं. तिकीट आधी काढा, सवलतीचा अर्ज नंतर ९० दिवसांत करा, असं चॅटबॉटने सांगितलं. कंपनीचा नियम तसा नव्हता. सवलत नाकारली गेली. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं तेव्हा एअर कॅनडाचा एक युक्तिवाद असा होता, की चॅटबॉट ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे आणि आपल्या बोलण्याला ती स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने हे फेटाळलं. वेबसाइटवर जे काही आहे त्याला कंपनी जबाबदार, मग ते पानावर लिहिलेलं असो की चॅटबॉट बोललेला असो. प्रवाशाला आठशेच्या वर कॅनेडियन डॉलर मिळाले. रक्कम किरकोळ, पण निर्णय मोलाचा.

कायदेही याच दिशेने सरकत आहेत. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण कायद्यानुसार, आयुष्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय फक्त यंत्राने घेतला असेल, तर काही अपवाद सोडता माणसाकडून तो पुन्हा तपासून घ्यायचा हक्क आहे. १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आलेला, पण टप्प्याटप्प्याने लागू होणारा त्यांचा एआय कायदा वापरानुसार बंधनं ठरवतो: व्हिडिओ गेममधल्या एआयला मोकळीक, नोकरभरती आणि कर्जातल्या एआयवर कडक अटी, आणि माणसांना गुण देऊन त्यावरून वागवण्यासारख्या काही गोष्टींना सरळ मनाई. सगळीकडे असे कायदे नाहीत. असले तरी ते आपणहून धावून येत नाहीत.

म्हणून कुठल्याही खिडकीवर 'सिस्टीमच तसं दाखवतेय' हे उत्तर मिळालं, तर तिथून हलू नये. निर्णय यंत्राने घेतला की माणसाने, कोणत्या माहितीवर घेतला, ती माहिती चुकीची असेल तर दुरुस्त कुठे करायची, आणि तो बदलायचा अधिकार असलेल्या माणसाचं नाव काय, हे लेखी मागावं. अर्जाची पोच घ्यावी. उत्तर आलं नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे त्याच पोचेची प्रत जोडून जावं.